मांजराची बिल्टी: पुणे–नगर रस्त्यावरचा भरवशाचा इतिहास

इतिहासाचा पॉडकास्ट म्हटलं की लढाया, तह आणि गादीवर कोण बसलं याच गोष्टी येणार, असं आपण धरून चालतो. आजच्या भागात यातलं काहीच नाही. आज एक मांजर आहे आणि त्याला एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचंय.

झालं असं, की राळेगणसिद्धीहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांच्या सासूबाई गेल्या आणि त्यांचं नऊ वर्षांचं मांजर घरात राहिलं. लेक बेंगळुरूला नोकरीला आहे, आजीचं मांजर तिला स्वतःकडे हवंय. तिला सुट्टी मिळत नाही, ताईंना घर सोडता येत नाही. मोबाईलवर शोधलं तर ‘घरून घरपोच’ मांजर नेणाऱ्या डझनभर सेवा समोर आल्या. सगळ्यांचे फोटो छान, सगळ्यांना पाच तारे. यातल्या कोणावर भरवसा ठेवायचा, हा त्यांचा प्रश्न. सामान हरवलं तर दुसरं घेता येतं, आजीचं मांजर दुसरं आणता येत नाही.

मी म्हटलं, उत्तर देण्याआधी जरा नियम बघू. आणि नियमांचा माग काढत काढत मी थेट १८९० सालात पोचलो. तिथून जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगतो. शेवटी ताईंच्या कामाची यादीही आहे, काळजी नसावी.

पोतं आणि होडी

आपल्या खेड्यांत मांजराच्या वाहतुकीची एक जुनी पद्धत होती, आणि ती फारशी कौतुकाची नव्हती. नको झालेलं मांजर पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं आणि ओढ्यापलीकडे नेऊन सोडायचं. दोन-तीन दिवसांनी ते परत चुलीपाशी येऊन बसायचं. कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला, असं जुनी माणसं म्हणतात ते यावरूनच. याची दुसरी बाजू मांजरीकडे बघितली की दिसते. मांजरी आपली पिल्लं सात घरं फिरवते, हे आपण ऐकत आलोय. ती एका वेळी एकच पिल्लू नेते, मानगुटीला हलकं धरून नेते आणि जागा आधी बघून येते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

माणसाने मांजर लांब नेल्याचा फार जुना पुरावा सायप्रस बेटावर सापडला. सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी मांजर पुरलेलं होतं. २००४ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. सायप्रसवर मांजरं मुळात नव्हतीच. म्हणजे कोणीतरी ते, किंवा त्याचे पूर्वज, समुद्रातून होडीने तिथे नेले होते. त्या होडीवाल्याकडे ना परवाना होता ना वेबसाइट. पण ज्याने नेलं तो त्याच होडीत बसलेला होता. मांजर बुडालं असतं तर तोही बुडाला असता. मंडळी, भरवशाची याहून पक्की व्यवस्था नंतर कधी झाली नाही!

हुंडेकरी

आता आपल्या मुलखात येऊ. रेल्वे येण्याआधी देशावर माल जायचा तो बैलांच्या पाठीवरून, वंजारी-लमाणांच्या तांड्यांबरोबर, नाहीतर गाड्यांतून. वाटेत जकातीची नाकी, चोरांची भीती, नदीला पूर. मग मालाचा धनी काय करायचा? तो हुंडेकऱ्याकडे जायचा. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द सापडतो. हुंडेकरी म्हणजे ठोक रक्कम ठरवून माल नेणारा, वाटेतली जकात आपल्या खिशातून भरणारा आणि माल मुक्कामी पोचवायची जबाबदारी घेणारा. नगर जिल्ह्यात आडनाव म्हणूनही हा शब्द भेटतो.

हुंडेकऱ्याचा सगळा धंदा नावावर चालायचा. एका पेठेत माल बुडवला की दुसऱ्या पेठेत कोणी दारात उभं करत नसे. त्याला त्याच वाटेने, त्याच लोकांमध्ये पुन्हा यायचं असायचं. आजच्या भागाचा धागा इथे हातात येतो. ज्याला परत यायचंय, तो जपून नेतो.

दहा रुपयांचं मांजर

१८७८ साली दौंड–मनमाड रेल्वेमार्ग सुरू झाला आणि नगर लोहमार्गाने जोडलं गेलं. आता वाहतूकदार हा ओळखीचा माणूस राहिला नाही. ती एक मोठी यंत्रणा झाली. आगगाडीत माल फुटला तर जाब कोणाला विचारणार? गार्डाला, स्टेशनमास्तरला, की विलायतेतल्या भागधारकाला?

त्याचं उत्तर १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याने दिलं. जनावर रेल्वेच्या ताब्यात असताना गेलं तर रेल्वे जास्तीत जास्त किती भरपाई देईल, याचे दर कायद्यातच लिहिले. हत्ती किंवा घोडा असेल तर नगामागे ५०० रुपये. उंट आणि शिंगवाली जनावरं ५० रुपये. गाढव, मेंढी, शेळी, कुत्रा आणि ‘इतर प्राणी’, १० रुपये. मांजर कुठे आहे? त्या ‘इतर’ मध्ये. त्याचं नावही लिहिलेलं नाही.

एक पळवाट मात्र होती आणि ती शहाणपणाची होती. पाठवताना तुम्ही जनावराची जास्त किंमत लेखी जाहीर केली आणि वरचा आकार भरला, तर रेल्वेची जबाबदारी वाढायची. न बोलता दिलंत तर दहा रुपये, लिहून दिलंत तर लिहाल तेवढे. १९८९ च्या नव्या रेल्वे कायद्यातही किंमत जाहीर करायची ही पद्धत टिकली.

गंमत बघा, त्याच १८९० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदाही झाला. जनावराला वेदना होतील अशा रीतीने बांधून नेणं हा त्यात गुन्हा होता. मुंबईत त्याआधीच, १८७४ साली, प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था उभी राहिली होती आणि त्यानंतर परळला जनावरांचं रुग्णालयही सुरू झालं होतं. म्हणजे एकाच वर्षी सरकारने एका कागदावर मांजराची किंमत कमाल दहा रुपये धरली आणि दुसऱ्या कागदावर त्याला वेदना होतात हे मान्य केलं. पुढची सगळी गोष्ट या दोन कागदांमधली आहे.

एसटी आणि डबा

आता राळेगणच्या अगदी जवळ येऊ. राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यात, पुणे–नगर महामार्गापासून थोडं आत. वाडेगव्हाणच्या फाट्यावरून वळलं की गाव येतं. याच महामार्गावर १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, तिकीट अडीच रुपये. शिरूर, सुपा ही याच वाटेवरची गावं.

त्याआधी रस्त्यावर खासगी मोटारी होत्या. गाडी भरली की निघणार, कधी पोचणार ते मालकाला ठाऊक. एसटीने तीन साध्या गोष्टी आणल्या: वेळापत्रक, छापील तिकीट आणि वाहकाच्या छातीवरचा बिल्ला. तक्रार करायची तर गाडीचा नंबर आहे, बिल्ल्याचा नंबर आहे, आगार आहे. आजही फाट्यावर वडाप उभी असते आणि आपण घाईत तिच्यात बसतोही. पण म्हाताऱ्या आईला एकटीला पाठवायचं असेल तर आपण एसटीची वाट बघतो, हो की नाही?

एसटीवरच्या भरवशाचा खरा पुरावा तिकिटात सापडणार नाही. तो डब्यात सापडेल. पुण्यात शिकणाऱ्या पोराला गावाकडून आई एसटीने डबा पाठवायची. वर चिठ्ठी, खाली भाकरी. ओळख ना पाळख, पण डबा पोचायचा. का पोचायचा? कारण ड्रायव्हर उद्या त्याच फाट्यावरून परत जाणार होता आणि ती आई तिथेच रिकामा डबा घ्यायला उभी असणार होती. हुंडेकऱ्याचंच तत्त्व, फक्त खाकी कपड्यांत.

मांजराला नाव मिळालं

स्वातंत्र्यानंतर १८९० चा क्रूरतेविरुद्धचा कायदा तोकडा वाटू लागला. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेवर होत्या. त्यांनी १९५० च्या दशकात हा विषय लावून धरला, स्वतः विधेयक मांडलं आणि पुढे सरकारने आपला कायदा आणला. तोच १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. वेदना होईल अशा रीतीने जनावर नेणं यात गुन्हा आहेच. पण दंड? पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. परत तेच दहा रुपये! १८९० साली मांजराची किंमत दहा, आणि या कायद्यात त्याच्या हालांचा दंड दहापासून पुढे.

खरा बदल १९७८ साली झाला. जनावरांच्या वाहतुकीचे नियम आले आणि त्यात एक अख्खं प्रकरण कुत्र्या-मांजरांचं. ‘इतर प्राणी’ असलेल्या मांजराला ८८ वर्षांनी कागदावर नाव मिळालं. आणि हे नियम वाचताना जाणवतं, की लिहिणाऱ्याला प्राण्यांची गरज कळत होती. पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला हवा. पोट मोठं झालेली गाभण मांजरी न्यायची नाही. लांबच्या प्रवासाआधी किमान दोन तास खाणं-पाणी झालेलं असावं. वाटेत पाणी उन्हाळ्यात दर ४ तासांनी, हिवाळ्यात दर ६ तासांनी. मोठ्याला १२ तासांतून एकदा खाणं, पिल्लांना दर ४ तासांनी. पिंजऱ्यावर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन. कोणत्या गाडीने, किती वाजता पोचणार, हे घेणाऱ्याला आधी कळवायचं. आणि रेल्वेने ६ तासांहून जास्त प्रवास असेल तर सोबत माणूस हवाच, वाटेत प्रत्येक स्टेशनवर मांजरापर्यंत जाता येईल असा.

बघा, होडीत सोबत बसलेला माणूस नियमांनीही परत आणला.

कागद मागणारं गाव

राळेगणचं नाव निघालं की पाणलोट, चराईबंदी, धान्य बँक आठवते. पण राळेगणची दुसरी मोठी ओळख म्हणजे माहितीचा अधिकार. अण्णा हजारे स्वतः सैन्यात ट्रकचालक होते. १९६५ च्या युद्धात खेमकरणला त्यांच्या गाडीवर हल्ला झाला आणि ते वाचले. गावाच्या कामानंतर त्यांनी माहितीच्या अधिकारासाठी राज्यभर आंदोलन केलं. ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण झालं आणि महाराष्ट्राचा कायदा लागू झाला. २००५ साली देशाचा कायदा आला. ‘तुम्ही चांगले आहात हे मान्य, पण कागद दाखवा,’ ही सवय या गावाशी जोडलेली आहे.

हा अधिकार खासगी कंपनीला लागू होत नाही, ते खरं. पण सवयीला कोणी अडवलंय? म्हणून ताई, तुमच्या गावची सवय घेऊनच या सेवांना फोन करा. आणि पुढच्या गोष्टी विचारा.

पहिली, बिल्टी. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे आणि त्यात ‘माल’ या शब्दात जिवंत जनावरंही धरली आहेत. सार्वजनिक वाहतूकदाराची नोंदणी लागते आणि माल घेतल्याची पावती द्यावी लागते. जास्त किंमत आधी लिहून दिली नसेल, तर भरपाईला भाड्याच्या दहापटीची मर्यादा आहे. १८९० सारखंच: जे लिहाल तेवढंच मिळेल. म्हणून नोंदणी क्रमांक विचारा आणि मांजराचं वर्णन, जाहीर किंमत, निघायची-पोचायची वेळ पावतीवर लिहून घ्या. ‘व्हॉट्सॲपवर बोललोय ना’ म्हणजे बिल्टी नव्हे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, पण दुकानाची नोंदणी दाखवली म्हणजे वाहतुकीची जबाबदारी घेतली असं होत नाही.

दुसरी, गाडी आणि माणूस. भाड्याने चालणाऱ्या गाडीची नंबरप्लेट पिवळी हवी. पांढरी असेल तर अपघातानंतर विम्याची पंचाईत होऊ शकते. ड्रायव्हरचं नाव आणि परवाना आदल्या दिवशी हवा. राळेगणहून बेंगळुरू म्हणजे साधारण ९०० किलोमीटर. एकच ड्रायव्हर सलग चालवणार का? मांजराकडे कोण बघणार? गाडी वाटेत बदलणार का? मांजर पळतं ते बहुतेक वेळा याच बदलात, ढाब्यावर, गोडाऊनच्या दारात. मांजरी जशी थेट एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते, तशी थेट गाडी घ्या. चार जणांची जनावरं एकत्र नेणारी गाडी स्वस्त पडते, पण शेजारी कुत्रा भुंकत असेल तर नऊ वर्षांच्या मांजराची ती रात्र कशी जाईल, याचा विचार करा.

तिसरी, परत येण्याची वाट. या माणसाला आपल्या भागात पुन्हा यायचंय का? त्याने याआधी नगर, शिरूर, पुणे इथून कोणाचं मांजर नेलंय, त्या दोघांशी फोनवर बोलायला मिळेल का? पत्ता दिला असेल तर पुण्यातल्या कोणाला तरी तिथे प्रत्यक्ष डोकावून यायला सांगा. पाच तारे विकत घेता येतात. नगरच्या पशुवैद्याची ओळख विकत घेता येत नाही. गावाजवळचे डॉक्टर कोणाचं नाव घेतात, ते आधी विचारा.

चौथी, पैसे. थोडी आगाऊ रक्कम, बाकी मांजर पोचल्यावर. प्रवास सुरू झाल्यावर ‘खास पिंजरा लागतोय’, ‘परत मिळणारा विमा भरा’ असे फोन यायला लागले, तर समजा फसवणूक आहे. प्राण्यांच्या वाहतूकदारांची आयपाटा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७९ पासून आहे, तीही अशा फसवणुकीबद्दल सावध करते. ‘आयाटाने मंजूर केलेला पिंजरा’ असं कोणी म्हणालं तर हसू आवरा. आयाटा पिंजऱ्याची मापं आणि निकष सांगते, कोणत्याही कंपनीच्या पिंजऱ्याला मंजुरी देत नाही.

पाचवी, गुंगीचं औषध. ‘आम्ही औषध देऊन झोपवतो’ असं सेवेवाला म्हणाला, तर फोन ठेवा. असं औषध द्यायचं की नाही हे फक्त पशुवैद्य ठरवेल, आणि विमानासाठी तर ते टाळायलाच सांगतात.

मग ताईंनी काय करावं?

माझ्या मते सगळ्यात भरवशाची सेवा म्हणजे मांजराला ओळखणारा माणूस. लेकीला एक शनिवार-रविवार काढता आला तर पुणे–बेंगळुरू विमान आहे. अकासा एअर नोव्हेंबर २०२२ पासून मांजर-कुत्री केबिनमध्ये घेते, एअर इंडियाही घेते. वजनाची मर्यादा असते आणि जागा मोजक्या असतात, म्हणून तिकिटाआधी विचारायचं. रेल्वेने जायचं तर बेंगळुरूची कर्नाटक एक्सप्रेस नगरला थांबते. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे मिळाला तर मांजर सोबत नेता येतं. नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. नऊ वर्षांच्या मांजराला त्या पेटीत मी पाठवणार नाही.

हे जमलंच नाही आणि सेवाच घ्यावी लागली, तर घाई करू नका. पिंजरा पंधरा दिवस आधी आणून घरात उघडा ठेवा. आत आजींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घाला, न धुतलेला. मांजर घराला धरून असतं ना, मग घराचा वास त्याच्याबरोबर जाऊ दे. लसीकरणाचं कार्ड आणि तंदुरुस्तीचा दाखला काढा. एप्रिल-मे टाळा, किंवा रात्रीची गाडी घ्या. पिंजऱ्याच्या दाराला प्लॅस्टिकची केबल टाय लावा आणि ती फक्त लेकीच्या बंद खोलीत कापायची असं बजावा. पोचल्यावर एक-दोन दिवस मांजर पलंगाखाली बसेल, ते ठीक आहे. पण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्याला फोन करायचा, मांजराला उपास सोसत नाही.

दहा रुपयांची किंमत आणि दहा रुपयांचा दंड, एवढ्यावर मांजर कधीच सुरक्षित पोचलं नाही. ते पोचलं, कारण कोणीतरी सोबत बसलं होतं, कोणीतरी लिहून दिलं होतं आणि कोणाला तरी त्याच वाटेने परत यायचं होतं. या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी ज्याच्याकडे दिसत नाहीत, त्याला फक्त ‘कळवते’ म्हणा आणि फोन ठेवा.

आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्याकडे कोणी एसटीने, टेम्पोने किंवा आगगाडीने मांजर नेल्याची घरातली गोष्ट असेल, तर जरूर पाठवा, कोणत्या साली आणि कोणत्या रस्त्याने ते सांगायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.